हाताचे कौतुक आणि हाताची मजुरी

नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका लिलावात एक जुना चरखा विकला गेला. बोली १ लाख १० हजार पौंडांवर जाऊन थांबली. त्या वेळच्या दराने ही रक्कम एक कोटी रुपयांच्या पुढे जाते. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना वापरलेला चरखा, अशी त्याची ओळख लिलावात सांगण्यात आली होती. पुढे गांधीजींनी तो फ्लॉइड पफर या अमेरिकी मिशनऱ्याला भेट दिला. या पफर यांनी बांबूचा नांगर तयार केला होता आणि तो गांधीजींना पसंत पडला होता. हाताने काही घडवू पाहणाऱ्या एका माणसाने तशाच दुसऱ्या माणसाला दिलेली ही भेट होती.

खुद्द येरवड्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की, चरख्याच्या एका प्रकाराला त्यांच्या उपनगराचे नाव आहे? पेटीत मिटून ठेवता येणारा, काखोटीला मारून प्रवासात नेता येणारा जो चरखा शाळा-आश्रमांतून दिसतो, तो ‘येरवडा चक्र’ या नावाने ओळखला जातो. १९३० च्या सुमारास, गांधीजी इथल्या तुरुंगात असताना त्याने आकार घेतला. जुन्या चरख्याचे एकच मोठे चाक होते, त्याला जागा फार लागे. पेटी चरख्यात दोन लहान चाके आली. मोठ्याने लहान चाकाला आणि लहान चाकाने चातीला फिरवायचे, म्हणजे थोड्या जागेतही चातीला हवी ती गती मिळते. तुरुंगाच्या खोलीत मावेल असे यंत्र शोधण्याच्या धडपडीतून ही सोय निघाली आणि पुढे देशभर पोहोचली.

रमजानच्या महिन्यात या चरख्याची आठवण होण्याचे कारण शहरात भरणारी हस्तकलेची प्रदर्शने. ईद जवळ आली की, सभागृहांत आणि सोसायट्यांच्या आवारांत टेबले मांडली जातात. दोऱ्याच्या जाळीदार टोप्या, कशिदा केलेले कुर्ते, तसबीह, जानमाज, अत्तराच्या कुप्या, हातशेवया. शेजारच्या टेबलावर गोधड्या, मातीची भांडी, बांबूच्या टोपल्या. एका कोपऱ्यात कार्यशाळा चाललेली असते. मुले चाकावर मातीचा गोळा ठेवतात, मुली सुई-दोरा घेऊन बसतात. रोजेदार इफ्तारनंतर येतात, शेजारची कुटुंबे त्यांच्यासोबत येतात. ज्यांचे एकमेकांच्या घरी जाणे-येणे नसते, तेही अशा ठिकाणी एकाच गोधडीचे टाके निरखत उभे राहतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही प्रदर्शने भरली पाहिजेत.

पण तिथे थोडा वेळ थांबले की एक संवाद हमखास कानी पडतो. ‘‘काय सुंदर काम आहे हो! हाताने केले आहे?’’ ‘‘हो ताई, सगळे हातानेच.’’ ‘‘केवढ्याला?’’ किंमत कळते आणि कौतुकाचा सूर उतरतो. ‘‘एवढे? बाहेर तर याच्या निम्म्यात मिळते.’’ बाहेर जे मिळते ते यंत्रावरचे असते, हे दोघींनाही माहीत असते. तरी घासाघीस होते आणि विकणारी बाई नमते, कारण ईदला आठच दिवस उरलेले असतात आणि ईदनंतर हा कुर्ता कोणी घेणार नसतो.

साधा हिशेब करून पाहावा. समजा, कुर्त्याच्या गळ्यावरच्या कशिद्याला बारा तास लागले आणि कशिदा करणाऱ्या बाईच्या हातात नगामागे २४० रुपये पडले. म्हणजे तासाला २० रुपये. कापड, दोरा, टेबलाचे भाडे आणि मधल्या माणसाचा वाटा चढत चढत कुर्ता दीड हजाराला पोहोचतो. तिथे ग्राहकाने दोनशे रुपये कमी करायला लावले, तर ते कापडवाल्याच्या खिशातून जात नाहीत, जागेच्या भाड्यातून तर नाहीच नाही. बहुतेक वेळा पुढच्या खेपेला नगाचा दर उतरतो. म्हणजे घासाघीस टेबलावर होते आणि तिची किंमत चुकवते वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत दिव्याखाली बसलेली, प्रदर्शनाला कधीच न आलेली बाई.

यावर काही भल्या माणसांचे उत्तर असे असते की, गरिबाला मदत म्हणून आम्ही काहीतरी विकत घेतोच. रमजानमध्ये तर ही भावना जास्तच असते. इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. जकात म्हणजे साठलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा. तो गरजूंचा हक्क आहे आणि त्याच्या बदल्यात काही मागायचे नसते. खरेदी हा व्यवहार आहे. तिथे वस्तू मिळते आणि तिचे मोल द्यावे लागते. कारागिराकडून घेतलेल्या टोपीची किंमत दानधर्माच्या वहीत लिहिणे म्हणजे त्याच्या कामाला भीक ठरवणे. मजुराला त्याची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. हजरत दाऊद हे राज्यकर्ते असूनही स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, ही गोष्टही अनेक घरांत मुलांना सांगितली जाते. दोन्हींत दयेचा उल्लेख नाही. आहे तो मोबदल्याचा आणि कष्टाच्या इभ्रतीचा.

चरख्याची गोष्टही मुळात हीच आहे. गांधीजींनी ती आत्मकथेत लिहून ठेवली आहे. १९१७-१८ च्या सुमारास त्यांना हातसूत हवे होते, पण चरखा कुठे मिळेना. गंगाबेन मजमुदार या खमक्या विधवा बाईने शोध घेत घेत बडोदा संस्थानातल्या विजापूर गावात चरखे हुडकून काढले. ते माळ्यावर अडगळीत पडले होते. घरच्या बायका पुन्हा सूत कातायला तयार होत्या. त्यांनी दोनच अटी घातल्या: पेळू नियमित पुरवा आणि कातलेले सूत विकत घ्या. आपल्या कलेचा गौरव करा, असे त्यांनी सांगितले नाही. कला त्यांच्या हातात होतीच. ती माळ्यावर गेली होती कारण तिला गिऱ्हाईक उरले नव्हते.

मग प्रश्न आला पेळूंचा. पिंजलेल्या कापसाच्या या वळ्यांशिवाय चरखा म्हणजे नुसते लाकूड. मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांच्या कानावर ही अडचण गेली आणि त्यांनी आपल्या गिरणीतून पेळू पाठवायला सुरुवात केली. ते गंगाबेनकडे जात आणि सूत इतके येऊ लागले की ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला. उमरभाईंचे औदार्य मोठे होते, पण गांधीजींना ते बोचू लागले. कोणाच्या औदार्यावर किती दिवस काम चालवायचे? शिवाय हातसुतासाठी गिरणीचे पेळू वापरणे त्यांना मुळातच चुकीचे वाटत होते. म्हणून पिंजाऱ्याचा शोध सुरू झाला. तो मिळाला, आणि त्याने महिना ३५ रुपये मागितले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. गांधीजींनी लिहिले आहे ते असे की, त्या वेळी कोणतीही किंमत त्यांना जास्त वाटली नसती. देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे चिन्ह झालेल्या त्या वस्तूमागे एका पिंजाऱ्याची पूर्ण मजुरी उभी आहे.

महाराष्ट्रात पिंजारी म्हटले की, जुन्या पिढीला एक आवाज आठवतो. खांद्यावर धनुष्यासारखे पिंजण घेतलेला माणूस गल्लीत शिरायचा, तात छेडायचा आणि त्या टणत्काराने घराघरातल्या गाद्या बाहेर यायच्या. कुठे पिंजारी, कुठे नदाफ, कुठे मन्सुरी अशा नावांनी ओळखला जाणारा हा बहुतांशी मुस्लिम समाज. हिंदूंच्या लग्नातली गादी असो की मुसलमानाच्या घरातली रजई, तिचा कापूस याच हातांनी मोकळा केला. आज यंत्राची पिंजाई आणि फोमच्या गाद्या आल्या आणि तो टणत्कार थांबला. चरख्याच्या प्रदर्शनात चरखा असतो, सूत असते, खादीचा कुर्ता असतो. पिंजण मात्र क्वचितच दिसते. सरकारच्या यादीतही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार, टोपल्या-झाडू करणारे, अगदी मासेमारीची जाळी विणणारेही आहेत. पिंजारी नाही.

प्रदर्शन नेहमी शेवटचा हात दाखवते. त्याच्या मागे असलेले पिंजणारे, रंगवणारे, ताणा लावणारे, धुणारे हात झाकलेलेच राहतात. कुर्त्याचे मोल जास्त का, हे ग्राहकाला कळत नाही याचे एक कारण हेही आहे. त्याला एकच माणूस दिसतो, प्रत्यक्षात पाच जणांची चूल त्यावर पेटलेली असते.

हाताच्या कामाची मजुरी बुडाली की कला कशी बुडते, याचा एक धडा येरवड्याच्याच भिंतींआड आहे. इथला मध्यवर्ती तुरुंग १८७१ चा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येरवड्यासह हिंदुस्थानातल्या अनेक तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेतले जात. ते परदेशी जात, बाजारात खपत. पण जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये भारतीय कारागिरीवर लिहिलेल्या ग्रंथात या तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली. बाहेरचा विणकर पिढीजात कसब घेऊन बसलेला. त्याला घरदार चालवायचे. त्याची गाठ जवळपास फुकटच्या श्रमाशी पडली, तर तो टिकणार कसा? गालिचे स्वस्त झाले, त्यांची नक्षी उतरली आणि अस्सल विणकर मागे पडला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

आजही येरवड्याच्या कारागृहात बंदी लाकूडकाम करतात, कापड विणतात, त्यांच्या वस्तूंचे विक्री केंद्र आहे, दिवाळीच्या आधी प्रदर्शन भरते. लोक आवर्जून जातात आणि ते चांगलेच आहे. हातात कसब घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला नव्याने उभे राहता येते. मात्र त्या सुबक खुर्चीकडे पाहताना तिच्या सुताराला दिवसाची मजुरी किती मिळते, हा प्रश्नही विचारायला हवा. तो विचारल्याने बंद्यांच्या कामाला कमीपणा येत नाही.

तुरुंगापासून फार दूर नसलेला आगाखान पॅलेस नेमकी उलट गोष्ट सांगतो. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी तो १८९२ मध्ये उभारला, तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. दुष्काळाने होरपळलेल्या आसपासच्या गावकऱ्यांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. धान्य वाटून टाकणे जास्त सोपे होते. पण त्या भिंती उभ्या राहिल्या त्या घेतलेल्या कामाच्या बदल्यात दिलेल्या मजुरीतून. इस्माइली इमामाचा पैसा, मुळा-मुठेकाठच्या गावकऱ्यांचे हात. याच वास्तूत १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी स्थानबद्ध होते. इथेच महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. बांना अखेरचा निरोप दिला गेला तो बापूंनी स्वतः कातलेल्या सुताच्या साडीत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू देशाला देऊन टाकली. आज तिथे दोन समाध्या आहेत, संग्रहालय आहे आणि खादीही विकायला असते. हाताच्या कामाचे प्रदर्शन कुठे भरावे, असा प्रश्न कोणाला पडला, तर याहून योग्य अंगण पुण्यात सापडणे कठीण.

मजुरीचा प्रश्न खादीवाल्यांनाही चुकला नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने खादी स्वस्त राहावी म्हणून बरीच वर्षे कातणाऱ्या बायकांना अगदी थोडी मजुरी दिली. मग गांधीजींनाच ते सलू लागले. गरिबांसाठी काढलेली संस्था गरिबांनाच कमी देते, हे कसे? १९३५ मध्ये संघाने ठराव केला की, आठ तासांच्या चोख कामाला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे. कार्यकर्त्यांना धास्ती वाटली. खादी महागेल, खप घटेल. ती धास्ती निराधार नव्हती, तरी ठराव झाला. त्याच सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळच्या नालवाडीत फक्त कातणीच्या मजुरीवर जगून पाहिले. पुढे कुराणाचे सार संकलित करणाऱ्या या माणसाला दुसऱ्याच्या पोटाचा हिशेब स्वतःच्या पोटाने तपासावासा वाटला. हस्तकलेच्या प्रत्येक आयोजकाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे. आपण देतो त्या दरात आपल्याला महिनाभर जगता येईल का?

ग्राहकाचीही बाजू आहे. मध्यमवर्गीय घरात ईदचे किंवा दिवाळीचे बजेट ठरलेले असते. घरातल्या पाच जणांना हातकामाचे कपडे घेणे परवडत नाही. ते खरेच आहे आणि तसा आग्रह कोणी धरूही नये. यंत्रावरचा कुर्ता घालणे हा काही गुन्हा नाही. यंत्र आणि हात यांचे वैर असते, तर चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावलेच नसते. गरज नसलेल्या तीन वस्तू निम्म्या दरात घेण्यापेक्षा आवडलेली एकच वस्तू पूर्ण मोल देऊन घ्यावी, एवढे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे. ज्याला तेही जमत नाही, त्याने मनसोक्त पाहावे, विचारावे, कौतुक करावे. फक्त दर पाडू नये.

जास्त जबाबदारी आयोजकांची. त्यांनी चार गोष्टी केल्या, तरी चित्र बदलू शकेल. पहिली, किमतीच्या चिठ्ठीवर वस्तू किती तासांची आहे आणि त्यातले किती पैसे करणाऱ्या हाताला गेले, हे लिहावे. गिऱ्हाईक समजूतदार असते, त्याला माहिती मिळत नाही. दुसरी, ‘विकले गेले तर पैसे’ ही पद्धत सोडावी. ईदसाठी लागणारा माल आधी सांगावा, थोडी उचल द्यावी आणि उरलेली रक्कम चाँदरातीच्या आधी पोहोचती करावी. ज्या बाईने शंभर घरांच्या ईदचे कपडे सजवले, तिच्या मुलांचे कपडे उधारीवर यावेत, यासारखी नामुष्की नाही. तिसरी, कार्यशाळा घेणाऱ्या कारागिराला शिक्षकाचे मानधन द्यावे. शिकायला येणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाते, सभागृहाचे भाडे दिले जाते, शिकवणाऱ्याला मात्र शाल, नारळ आणि एक फोटो. त्या दिवशी त्याचे काम बुडालेले असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. विश्वकर्मा योजनेत सरकार शिकणाऱ्याला दिवसाला ५०० रुपये देते. निदान शिकवणाऱ्याला त्याहून कमी मिळू नये. चौथी, मागचे हात पुढे आणावेत. चरख्याशेजारी पिंजण ठेवावे आणि ते चालवता येणारा एखादा वृद्ध पिंजारी अजून कुठे असेल, तर त्याला मानाने, मानधनाने बोलवावे.

कार्यशाळेचा खरा उपयोगही इथेच आहे. तासाभरात कोणी कारागीर होत नाही. पण पेटी चरख्यासमोर पहिल्यांदा बसलेला माणूस उजव्या हाताने चाक फिरवतो, डाव्या हाताने पेळू मागे ओढतो आणि धागा तुटतो. तो जोडतो, पुन्हा तुटतो. कधी जाड येतो, कधी केसासारखा होऊन निसटतो. पंधरा मिनिटांनी त्याच्या चातीवर वीतभर सूत असते आणि मानेला रग लागलेली असते. मग तो शेजारी बसलेल्या बाईकडे पाहतो. तिचा धागा एकसारखा येत असतो आणि ती त्याच वेळी नातवाला हाक मारत असते. त्या क्षणी कोणत्याही भाषणाने पटणार नाही ती गोष्ट त्याला पटते. हे सोपे नाही. यातला प्रत्येक हात वर्षांनी तयार झाला आहे.

हे पटल्यावर तो पुढच्या टेबलाशी जाईल आणि किंमत विचारेल. बाई आकडा सांगेल आणि सवयीने म्हणेल, ‘‘कमी-जास्त करू, साहेब.’’ त्याने पूर्ण पैसे काढून तिच्या हातावर ठेवले, तर त्या दिवसाचे प्रदर्शन सार्थकी लागले. गांधीजींच्या चरख्याला कोटीची बोली लागली तेव्हा तो कातणारा हात या जगात नव्हता. आज जे हात आहेत, ते येरवड्याच्या नागपूर चाळीत, लक्ष्मीनगरात, शहरातल्या प्रत्येक वस्तीत कामाला बसलेले आहेत. ईदच्या आधी त्यांचा हिशेब चुकता व्हावा.